न चाचपलेली जोडी

ब्लँकेटच्या गिरणीत तिला मखमलबाई म्हणत. हे नाव स्वभावावरून पडलेलं नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळे. "हात धुतलेस? नाही? मग काय चाचपणार, सकाळची भाजी?" अशी तिची पहिली ओळख होई. नाव पडलं होतं ते बोटांवरून. छत्तीस वर्षं ती गिरणीच्या परीक्षण-खोलीत बसून ब्लँकेटांचा मऊपणा हाताने पारखत आली होती.

वरच्या मजल्यावरची ती एक लांबट खोली. मधोमध टेबल, टेबलावर काळा पडदा, पडद्याला प्रत्येक खुर्चीसमोर दोन भोकं. बाईने भोकांतून हात पलीकडे घालायचे आणि पलीकडच्या माणसाने दोन हातांखाली दोन तुकडे सरकवायचे. डोळ्यांना दिसू द्यायचं नाही, कारण डोळे लबाड. गुलाबी रंग आवडणारी बाई गुलाबी तुकडाच मऊ म्हणते.

मखमलबाईला कामाला लागून दोन-तीन वर्षं होईपर्यंत तिथे एकच प्रश्न विचारत. कोणतं चांगलं? मग एक बाई हे म्हणायची, दुसरी ते, आणि उरलेला दिवस दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. मग एक नवे साहेब आले. बारीक, वाकलेले, खिशाला शाईचा डाग. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाई, कोणतं चांगलं ते मला नकोच आहे. किती चांगलं ते सांगा."

"किती म्हणजे?" मखमलबाईने विचारलं. "पाव किलो?"

साहेबांनी खिशातून कोटाची दहा मोठी बटणं काढली आणि दोन वाट्या मागवल्या. डाव्या तुकड्याची एक वाटी, उजव्याची एक. मन जितकं जिकडे झुकेल तितकी बटणं तिकडे टाका. दहाच्या दहा एकीकडे, म्हणजे शंकाच नाही. सात-तीन म्हणजे हे बरं, पण त्यालाही टाकून देऊ नका. पाच-पाच म्हणजे दोन्ही सारखेच. मग हे आकडे ते एका मोठ्या तक्त्यात भरत. त्याला ते धूसर पसंतीचा तक्ता म्हणायचे.

"धूसर कशाला? आम्हाला तर स्वच्छ कळतंय," शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली.

"मग परवा 'दोन्ही बरे आहेत, घ्या तुमचं तुम्ही' असं कोण म्हणालं होतं?" साहेबांनी विचारलं. तेव्हापासून त्यांचं नाव तक्तेसाहेब.

बटणांची गंमत अशी की ती खोलीबाहेरही गेली. बायका जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना विचारायच्या, "नवरा की चहा?" "सात-तीन." "कोणाला सात?" "ते काय विचारायचं? चहाला!"

एकदा सहा तुकडे आले की त्यांच्या पंधरा जोड्या होत. दहा-अकरा जोड्या झाल्या की बोटं बधिर व्हायची. मग उरलेल्या जोड्यांचे चौकोन तक्तेसाहेब हिशेबाने भरत, पण पेन्सिलीने. पहिला तुकडा दुसऱ्यापेक्षा सात, म्हणजे मधल्या पाचाच्या वर दोन. दुसरा तिसऱ्यापेक्षा सहा, म्हणजे वर एक. दोन आणि एक तीन. तेव्हा पहिला तिसऱ्यापेक्षा आठ. मखमलबाईला हे फार आवडलं. हात न लावता कळतं म्हणजे काय! दर वेळी तक्तेसाहेब सांगत, "पेन्सिलीचा आकडा म्हणजे अंदाज. हात लागला की खोडायचा." ती मान डोलवायची. तिच्या डोक्यात हिशेब राहिला, खोडायचं तेवढं राहिलं नाही.

तिला या खोलीत आणलं होतं तिच्या थोरल्या बहिणीने. ताई नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा वेणी घालण्यापासून शाळेची फी भरायला जाण्यापर्यंत सगळं ताईने केलं. मारही तिचाच खाल्ला. लग्नानंतर दोघींना गिरणीची क्वार्टर्स मिळाली ती समोरासमोर. सकाळी ताई आपल्या दारातून ओरडायची, "धाकटे, निघालीस का, की भोंगा तुला न्यायला येणार आहे?" आणि दोघी एकाच टेबलाशी, शेजारशेजारच्या भोकांत हात घालून बसायच्या. पडद्याच्या पलीकडे कधी कधी ताईचं बोट चुकून तिच्या बोटाला लागायचं. ताई चिमटा काढायची.

ताईचा नवरा गिरणीची ट्रक चालवायचा. मखमलबाई बत्तीस वर्षांची असताना त्याला दुसऱ्या गावच्या गिरणीत गाड्यांचा मुकादम म्हणून बोलावणं आलं. चार तासांचा रस्ता. निघायच्या आठवडाभर आधी ताई वाळलेले कपडे काढता काढता म्हणाली, "तुम्हीही या की तिकडे. तिथे काय फिटर लागत नाहीत?"

मखमलबाईचा नवरा फिटर होता. मुलगा पाच वर्षांचा. ताईचं वाक्य एवढंच, तेही तोंडात चिमटा धरून बोललेलं.

त्या रात्रभर मखमलबाईने हिशेब केला. ताईला नवं घर जास्त की ही नोकरी? नोकरी सोडताना तिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं, तेव्हा घराला आठ. आणि नोकरी जास्त की धाकटी बहीण? इथे मखमलबाईला आपलं बाळंतपण आठवलं. अंग तापाने फणफणलं होतं, मूल रडून काळंनिळं होत होतं, आणि ताईने एका दिवसाची रजा काढली नव्हती. पंधरा दिवस ती फक्त संध्याकाळी डबा घेऊन यायची, तासभर बसायची, जायची. तेव्हा नोकरीला सहा. पाचाच्या वर तीन, आणि वर एक. नवं घर विरुद्ध धाकटी बहीण, नऊ-एक.

एक बटण. म्हणजे ताई तोंडदेखलं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी तिने समोरच्या दारात उभं राहून सांगितलं, "तुझ्या नव्या संसारात आमची अडगळ कशाला गं? आम्ही इथे बरे आहोत." ताईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि "बरं," म्हणाली. त्यानंतर सामान बांधताना तिने मदतीला हाक मारली ती शेजारणीला.

पुढची सव्वीस वर्षं दोघी भेटत राहिल्या, कार्याला, आजारपणाला, मयताला. एका दिवसाची भेट, गर्दीतली. फोनवर "बरं आहे ना?" "बरं आहे. तुझं?" "बरं आहे." समोरच्या क्वार्टरमध्ये तीन कुटुंबं येऊन गेली. चांगली माणसं होती. पण सकाळी त्या दाराची कडी वाजली की मखमलबाईचा हात पदराकडे जायचा, आता हाक येईल म्हणून. ही खोड सव्वीस वर्षांत गेली नाही. पुढे तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं. तो म्हणायचा, "जाऊन ये एकदा चार दिवस." "रजा नाही," ती म्हणायची. रजा ढिगाने शिल्लक होती. नऊ वर्षांपूर्वी नवराही गेला आणि हे म्हणणारं कोणी उरलं नाही.

या महिन्याच्या अखेरीस ती निवृत्त होणार होती. क्वार्टर रिकामं करायचं होतं. क्वार्टरच्या कारकुनाने एक कागद दिला. "इथे पुढचा पत्ता लिहा. शनिवारपर्यंत द्या, मावशी. रिकामा ठेवू नका, साहेब परत पाठवतात."

मुलगा मोठ्या शहरात, नवव्या मजल्यावर राहायचा. "आई, यात विचार काय करायचाय?" तो फोनवर म्हणाला. सूनही मागून ओरडली, "या हो, तुमच्या नातवाला कोणीतरी दटावायला हवंच आहे." दोघं मनापासून बोलत होती. दुसरी सोय म्हणजे गिरणीमागच्या चाळीतली एक खोली, स्वतंत्र नळाची. आणि तिसरं, जे कोणी देऊ केलेलंच नव्हतं, ते ताईकडे.

बुधवारी दुपारी ती अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली. भांडी गोणपाटात बांधून झाली होती, भिंतींवर तसबिरींचे चौकोनी डाग राहिले होते. तिने शिवणाच्या डब्यातून दहा बटणं काढली, न बांधलेल्या दोन वाट्या घेतल्या आणि खाटेवर बसून डोळे मिटले.

मुलाचं घर आणि चाळीतली खोली. मुलाकडे नातवाच्या मानेचा वास होता. चाळीत स्वतःची कडी होती, पण ती वाजवणार कोण? सहा-चार. मुलाला सहा.

चाळीतली खोली आणि ताईचं घर. हात ताईच्या वाटीवर गेला आणि थांबला. ताई जागा करून देईल, जेवायला पाट मांडील, आणि तोंडात चिमटा धरल्यासारखी बोलेल. खोलीला सात, ताईला तीन.

झालं. मुलगा खोलीपेक्षा एकाने वर, खोली ताईपेक्षा दोनाने वर. मुलाला आठ, ताईला दोन. विषय संपला. तिने बटणं गोळाही केली. पण छत्तीस वर्षांची सवय. जोडी राहिली होती, बोटं बधिर झाली नव्हती, मग हात का लावायचा नाही? तिने पुन्हा डोळे मिटले. मुलाचं घर. ताईचं घर. बटणं टाकली आणि डोळे उघडले.

आठ पडली होती. ताईच्या वाटीत.

मखमलबाई वाटीकडे बघतच राहिली. मग ती वैतागली. असा हात एखाद्या नवशिकीचा पडला असता तर तिने तिला खुर्चीवरून उठवलं असतं. मुलगा खोलीपेक्षा बरा, खोली ताईपेक्षा बरी, आणि ताई मुलापेक्षा बरी. हे काय, चाक आहे?

गिरणीत असं क्वचित व्हायचं. तेव्हा तक्तेसाहेब रागावत नसत. ते एकच विचारत, "बाई, दोन्ही वेळा तुकडा एकाच बाजूने होता का?" ब्लँकेटाची एक बाजू पिंजून मऊ लव उठवलेली असते, दुसरी कोरी. पलीकडच्या माणसाने एकदा तुकडा उलटा सरकवला की हात बिचारा खरंच बोलतो, पण दोन वेगळ्या तुकड्यांबद्दल बोलतो.

तिने मुलाशी तोलताना हाताखाली घेतली होती ती ताई. ताईचा आवाज, ताईचा चिमटा. आणि खोलीशी तोलताना घेतलं होतं ते नकोसं होणं. त्या घरातली अडगळ. ही उलटी बाजू आली कुठून? ताईने तर तिला कधी नकोशी म्हटलेलं नव्हतं. तो आकडा मखमलबाईने स्वतः, अंथरुणावर पडून, काढला होता. नऊ-एक. पेन्सिलीचा. सव्वीस वर्षं तो शाईचा समजून ती जगली होती.

गुरुवारी सकाळच्या बसने ती गेली. आधी फोन केला असता तर पुन्हा "बरं आहे"वरच संपला असता.

ताईचं घर दोन खोल्यांचं. ताईचा मुलगा-सून कामाला गेलेले. भाऊजींना आता ऐकू येत नव्हतं. ते खिडकीशी बसून मोठ्या आवाजात रेडिओ लावून डुलक्या घेत होते. ताई सदुसष्ट वर्षांची झाली होती, पाठीत वाकली होती, पण दार उघडल्याबरोबर म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. मी आलेय."

"अशीच?"

"अशीच."

"मग आत ये. दारात उभी राहून डास घेतेस घरात."

ताईने चहा टाकला. मखमलबाई ओट्याला टेकून उभी राहिली. रेडिओचा आवाज इतका होता की दोघींना जवळजवळ भांडल्यासारखं बोलावं लागत होतं. तेही एका परीने सोयीचंच पडलं.

"ताई, एक विचारू? तुम्ही इकडे यायला निघालात, तेव्हा मला ये म्हणालीस. ते मनापासून होतं का?"

ताईने गॅस बारीक केला. "हे विचारायला आलीस? सव्वीस वर्षांत बस सुरू नव्हती वाटतं?"

"सांग ना."

"यांनी तुझ्या नवऱ्यासाठी बोलून ठेवलं होतं. फिटरची जागा तीन महिने धरून ठेवली होती साहेबांनी. इथे शाळा बघितली होती तुझ्या लेकासाठी, पिवळ्या दाराची. आता तिथे दवाखाना झालाय."

"मग सांगितलं का नाहीस? तसं तोंडात चिमटा धरून..."

"कपडे काढत होते मी! चिमटे काय डोक्यात खोवू? ठरवलं होतं, तू हो म्हणालीस की सगळं सांगेन. तू दुसऱ्या दिवशी येऊन अडगळ म्हणालीस. मला वाटलं, आई गेल्यापासून माझ्या हाताखाली राहून कंटाळली असेल. सुटू दे बिचारी."

चहा वर आला. ताईने तो उतू जाण्याआधी फडक्याने उचलला. त्या वयातही हात पटकन चालला.

"माझ्या बाळंतपणात तू एक दिवस रजा काढली नाहीस," मखमलबाई म्हणाली. हे तिला म्हणायचं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने म्हणायचं वाक्य ते नव्हे. आवाजही तिला लहान मुलीसारखा वाटला.

 ताईने भांडं खाली ठेवलं. "अगं बये. तुझ्या खुर्चीवर त्या शेजारच्या बाईची भाची बसवणार होते. मी म्हटलं, दोन्ही खुर्च्यांचं काम मी करते, खुर्ची तेवढी ठेवा. तीस जोड्या रोज. बोटांची सालं निघाली होती. तुला चिंध्या दिसल्या नाहीत माझ्या हाताला?"

दिसल्या होत्या. मखमलबाईला वाटलं होतं, चुलीवर भाजलं असेल. विचारलं नव्हतं.

रेडिओवर कोणीतरी हसत होतं. भाऊजी झोपेत हसले. दोघी बहिणी ओट्याशी उभ्या राहून चहा प्यायल्या. बसायचं दोघींनाही सुचलं नाही.

"मग आता येऊ?" मखमलबाईने विचारलं.

 ताईने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे लेक-सुनेचा पलंग, पायथ्याशी नातीचं अंथरूण. बाहेरच्या खोलीत भाऊजींची खाट आणि खाली ताईची चटई. "आता नाही गं," ती म्हणाली. "दहा वर्षांपूर्वी म्हणाली असतीस तर भांडून जागा केली असती. आता हे घर सुनेचं आहे. ती वाईट नाही. पण मलाच एक उशी जास्त मागायची चोरी वाटते." तिने पदराने डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "मी हो म्हटलं तर तू येशील, आणि मग आपण दोघी इथे कोपऱ्यात बसून एकमेकींच्या लाजेने मरू. म्हणून नाही म्हणते. यात कमी-जास्त शोधत बसू नकोस, तुला खोड आहे."

हे नाही मखमलबाईने ऐकलं. आश्चर्य म्हणजे ते तिला लागलं नाही. लागली ती पिवळ्या दाराची शाळा, जी तिने कधी पाहिलीच नव्हती. आपला पाच वर्षांचा मुलगा त्या दारातून धावत बाहेर येतोय आणि पलीकडून दोघी बहिणी कामावरून परत येतायत, असं तिला दिसलं, आणि ती एकदम खुर्चीवर बसली.

"तुझ्या गुडघ्यांना जिना चालतो का?" ताईने विचारलं.

"कसला जिना?"

"मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी बाई आहे. तिची वरची खोली रिकामी आहे. जिना शिडीसारखा उभा आहे, आणि नळाला पाणी सकाळीच. मला काय, मी आपली सांगतेय."

"तू आपली सांगतेस म्हणजे किती सांगतेस?" मखमलबाईने विचारलं.

"चल दाखवते," ताई म्हणाली, आणि पायात चपला नसतानाच दाराबाहेर पडली. मग परत येऊन चपला घातल्या.

शनिवारी कारकुनाला कागद मिळाला. पुढच्या पत्त्याच्या जागी त्या गल्लीचा पत्ता होता. "हे कुठे, मावशी? मुलगा तर तिकडे राहतो ना?" त्याने विचारलं. "मुलाने समजून घेतलंय, तूही घे," मखमलबाई म्हणाली. खरं म्हणजे मुलाने अख्खा दिवस घेतला होता. शुक्रवारी रात्री त्याने विचारलं, "मावशीच्या घरी राहायचंही नाही, मग तिथे जाऊन मिळणार काय तुला?" तिला नीट सांगता आलं नाही. "दुपार," ती म्हणाली.

तसंच झालं. भाऊजी जेवून झोपले की तीनच्या सुमाराला ताई त्या उभ्या जिन्याच्या पायथ्याशी येते. वर चढायच्या आधी धापा टाकत उगाच बोल लावते, "माडीवर राहायला गेलीय महाराणी!" मखमलबाई चार पायऱ्या उतरून तिचा हात धरते. मग दोघी खिडकीशी बसून लसूण सोलतात, सुनांवरून, पाण्यावरून, कधी सव्वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या शब्दावरून भांडतात. जे गेलं त्याबद्दल ताई बोलू देत नाही. "पुरे," म्हणते. पाचला भाऊजी उठतात. पावणेपाचलाच तिची चुळबुळ सुरू होते.

समोरासमोर राहत होत्या तेव्हा ताई रात्री दार लावून घ्यायची आणि मखमलबाई झोपून जायची, एवढंच. आता ताई गल्लीतून जाते तेव्हा ती खिडकीत उभी राहते. ताईला वळून बघता येत नाही, मान आखडलीय, शिवाय गटाराच्या फरशीवर नजर ठेवावी लागते. कोपऱ्यापर्यंत चाळीसेक पावलं. ताई ती फार हळू टाकते, आणि तरीही ती लवकर संपतात. मग मखमलबाई लसणाची सालं गोळा करते, कपडे घडी करते, पुन्हा एकदा खिडकीशी येते. गल्लीत उजेड अजून बराच असतो. उद्याचे तीन वाजायला बावीस तास असतात.

"उद्या जरा लवकर ये," असं ती रोज ठरवते आणि रोज सांगायचं राहतं. काल मात्र ताई कोपऱ्याशी पोचली तेव्हा तिने खिडकीतून मोठ्याने हाक मारली. सगळी गल्ली वर बघायला लागली.

"काय गं?" ताई पाठमोरीच ओरडली.

"उद्या अडीचला ये!"

ताई थांबली. कमरेवर हात ठेवून तिने अख्खं अंग हळूहळू वळवलं, खिडकीकडे तोंड होईपर्यंत.

"दोनला येते," ती म्हणाली.